तंतू, राळ आणि मधला सांधा

लोखंडी सळई, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा सागाची फळी दुकानातून विकत आणता येते. तिची ताकद किती, हे ती घरी येण्याआधीच ठरलेलं असतं. आपण फक्त कापायचं, भोकं पाडायची, जोडायचं. संमिश्र पदार्थांचं, म्हणजे कारखान्यात ज्यांना कॉम्पोझिट किंवा नुसतं 'फायबर' म्हणतात त्यांचं, तसं नाही. दुकानात मिळते ती काचेच्या धाग्यांची मॅट आणि डब्यातलं रेझिन. मॅट लुळी, रेझिन पातळ. भार पेलण्याची शक्ती दोन्हींत नाही. होडी, पाण्याची टाकी किंवा विमानाचा पंख साच्यात आकाराला येतो, त्याच वेळी त्याचा पदार्थही तयार होत असतो. बहुतेक पाठ्यपुस्तकं ही गोष्ट पहिल्या प्रकरणात एका वाक्यात उरकतात आणि पुढची शेकडो पानं समीकरणांत घालवतात. मला सगळा विषय त्या एका वाक्यात दिसतो. पदार्थ बनवणं आणि वस्तू बनवणं ही इथे एकच क्रिया आहे, म्हणून कारागिराचा हात हासुद्धा पदार्थाचा एक घटक आहे, हे धरूनच पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

व्याख्या अवघड नाही. निराळ्या गुणांचे दोन किंवा अधिक पदार्थ असे एकत्र आणायचे की प्रत्येक जण आपलं रूप राखून राहील, आणि मिळून जे काम होईल ते एकट्यादुकट्याला जमलं नसतं. पितळेत तांबं आणि जस्त अणूंच्या पातळीवर एकमेकांत मिसळतात, म्हणून पितळ हा मिश्रधातू झाला. काँक्रीट फोडलं तर खडी, वाळू आणि सिमेंट वेगवेगळी दिसतात, म्हणून ते संमिश्र. त्यात सळया घातल्या की आरसीसी, हे त्याच्या पुढच्या पायरीचं संमिश्र. ते इतकं टिकतं यात थोडा नशिबाचाही भाग आहे: तापल्यावर पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. तसं नसतं तर दर उन्हाळ्यात सळई आपल्या आवरणापासून सुटू पाहिली असती.

निसर्गाने तर दुसरं काही फारसं केलेलंच नाही. लाकूड म्हणजे लिग्निनमध्ये बसवलेले सेल्युलोजचे तंतू, हाड म्हणजे कोलॅजेनच्या जाळ्यात बसवलेलं खनिज. बांबूचं कांडं आडवं कापून नीट पाहावं. बाहेरच्या सालीकडे तंतूंचे काळसर ठिपके दाट असतात, आतल्या पोकळीकडे ते विरळ होत जातात. वाऱ्याने वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो, आणि बांबूने आपला भारी माल तिथेच खर्च केलेला असतो. हीच विभागणी करायला इंजिनिअरला संगणक लागतो.

माणसाची उदाहरणंही जुनी आहेत. सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपतात. वारली चित्रं मुळात अशाच भिंतींवर काढली जात. काठी लवचीक, पण तिला बाजूला झुकू न देता धरून ठेवणारं कुणीतरी हवं. माती दाब सोसते, पण वाळताना तडकते, आणि काठ्या तो तडा फार लांब जाऊ देत नाहीत. शेणातल्या गवताच्या काड्या हेच काम बारीक मापावर करतात. वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. तो गिलावा कालवणाऱ्यांना संमिश्रांचा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण कशात काय घातलं की भिंत तडकत नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

आता आधुनिक संमिश्राकडे येऊ. त्याचे घटक मोजताना पुस्तकं दोन सांगतात: भार उचलणारे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं आधारद्रव्य, म्हणजे बहुधा रेझिन. मी तीन मोजतो. तिसरा घटक म्हणजे त्या दोघांमधला सांधा. त्याला वजन नाही आणि जाडी असून नसल्यासारखी, पण संमिश्रांच्या फजितीच्या कथा बहुधा तिथेच सुरू होतात.

तंतूच का वापरायचे? याचं उत्तर इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी दिलं. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक साधा प्रयोग आहे. काचेचे अधिकाधिक बारीक तंतू ओढायचे आणि प्रत्येक किती ताणाला तुटतो ते मोजायचं. जाड कांडी सुमारे १७० मेगापास्कलला तुटत होती, तर सर्वांत बारीक तंतू ३,४०० मेगापास्कलच्या आसपास. काच तीच, ताकद वीसपट. काचेच्या पृष्ठभागावर न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि ताण आला की तो त्या भेगांच्या टोकाशी एकवटतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ३-४ मायक्रॉन जाडीच्या तंतूत मोठी भेग मावतच नाही. शिवाय जाड कांडीत एक भेग धावली की सगळी कांडी गेली. लाखो तंतूंच्या जुडग्यात एक तुटला तर शेजारचे त्याचा भार वाटून घेतात. ठिसूळ पदार्थावर विसंबता येईल, अशी ही पहिली रीत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. काचतंतूंचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली. १९५३ साली शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही मोटार काचतंतूंच्या कवचात रस्त्यावर आली. जपानमध्ये ओसाकाला अकिओ शिंडो यांनी १९६० च्या सुमारास पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे ज्या जातीच्या पदार्थापासून स्वेटरची ॲक्रिलिक लोकर बनते त्यापासून, कार्बनचे तंतू तयार केले. फार्नबरोच्याच संस्थेने काही वर्षांत ती पद्धत पुढे नेली. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधलेल्या द्रावणातून केव्हलार आलं. आजही बाजारातले मुख्य तंतू हेच तीन आहेत, आणि त्यांतही वजनाने काचेचाच वाटा फार मोठा आहे. कार्बनबद्दल लिहिलं जातं जास्त, वापरली जाते काच.

आधारद्रव्याची कामं वरवर पाहता दुय्यम वाटतात: तंतूंना जागेवर धरणं, त्यांना घासण्यापासून आणि ओलाव्यापासून वाचवणं, एका तंतूचा भार दुसऱ्याकडे पोचवणं. पण दाब आला की खरी परीक्षा आधारद्रव्याची होते. केसाच्या दशांश जाडीचा तंतू दाबाखाली चटकन वाकणार. त्याला बाजूने घट्ट धरून सरळ ठेवायचं काम रेझिन करतं. म्हणून कार्बन तंतू आणि इपॉक्सी रेझिन यांच्या संमिश्राची दाब सोसण्याची ताकद त्याच्या ताण सोसण्याच्या ताकदीहून बहुधा कमी असते. तंतू मुळातच जरासे वाकडे बसले असतील, तर ती आणखी घसरते.

आणि सांधा. कोरी काच रेझिनला नीट चिकटत नाही. चिकटली तरी पाणी हळूहळू मध्ये शिरतं. म्हणून तंतू भट्टीतून ओढल्याबरोबर त्याच्यावर सायझिंगचा पातळ लेप देतात. इचलकरंजीत मागावर चढण्याआधी सुताला करतात ते सायझिंग धागा घासून तुटू नये म्हणून असतं. काचेच्या सायझिंगमध्ये त्या कामाशिवाय सिलेन नावाचं रसायन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. आता कुणालाही वाटेल की ही पकड जितकी घट्ट तितकं चांगलं. १९६४ साली जॉन कुक आणि जे. ई. गॉर्डन यांनी दाखवलं की तसं नाही. धावत्या भेगेच्या पुढे, तिच्या वाटेला आडवा असलेला सांधा उकलून काढणारा एक ताण असतो. भेगेच्या टोकावरच्या कमाल ताणाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. सांधा त्याहून कच्चा असेल तर भेग पोचण्याआधीच तो उघडतो. भेग त्या फटीत शिरते, तिचं टोक बोथट होतं आणि ती तिथेच थांबते. सांधा फार पक्का असेल तर भेग तंतू कापत सरळ पार जाते. दोन ठिसूळ पदार्थ मिळून एक चिवट पदार्थ होतो, तो असा. सांधा भार पोचवण्याइतका घट्ट आणि भेग अडवण्याइतका सैल लागतो, आणि ही मधली जागा शोधण्यात रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या.

तंतू किती लांब हवा, हेही सांध्यावरच ठरतं. टोकाकडून तंतूत भार शिरतो तो सांध्यावाटे, हळूहळू. तंतू फार आखूड असेल तर त्याच्यात पुरता भार चढतच नाही. तुटण्याऐवजी तो रेझिनमधून उपसून येतो. काचतंतूंसाठी ही किमान लांबी साधारण मिलिमीटरच्या आतबाहेर असते. मॅटमधले तुकडे काही सेंटिमीटरचे असल्यामुळे तिथे चिंता नाही. मशीनमधून दाबून काढलेल्या काचमिश्रित नायलॉनच्या भागांत मात्र तंतू वाटेत तुटून त्याहूनही आखूड होतात, आणि ताकद कागदावरच राहते.

थोडं गणित करू, कारण जाहिरातींतले आकडे इथेच फसवतात. नेहमीच्या कार्बन तंतूचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, इपॉक्सीचा ३. सगळे तंतू एकाच दिशेला ठेवून आकारमानाने ६० टक्के भरले, तर त्या दिशेचा ताठपणा ०.६ गुणिले २३० अधिक ०.४ गुणिले ३, म्हणजे १३९ च्या आसपास. घनता १.६. भागाकार ८७. पोलादाचे २०० भागिले ७.८ आणि ॲल्युमिनियमचे ७० भागिले २.७, दोन्हींचं उत्तर २६ च्या जवळपास येतं. म्हणजे वजनाच्या हिशेबात कार्बन तिपटीहून सरस. पण याच पट्टीला आडव्या दिशेने ताणलं तर तिचा ताठपणा जेमतेम ८-१० गिगापास्कल, कारण तिथे तंतू मदतीला नाहीत. खऱ्या वस्तूवर भार चहूबाजूंनी येतात, म्हणून थर उभे, आडवे आणि तिरपे रचतात. तसं रचलं की सरासरी ताठपणा पन्नास-पंचावन्नवर उतरतो, भागाकार ३३ होतो आणि तिप्पट फायद्याचा सव्वापट उरतो. धातूच्या भागाचा आराखडा जसाच्या तसा उचलून कार्बनमध्ये बनवणाऱ्यांची अशीच निराशा होते. भार कोणत्या दिशेने वाहतो ते ओळखून तंतू तिकडे वळवले, तरच हे महागाचं सामान परवडतं.

आता साच्याकडे. कोकणात आणि गोव्यात लाकडाच्या जागी फायबरच्या होड्या आल्या त्याला बराच काळ लोटला. हातलिंपणीची जुनी पद्धत पाहायला त्या जिथे बनतात त्या शेडसारखी जागा नाही. साच्याला मेण घासून पॉलिश करतात, म्हणजे होडी नंतर सुटून येते. मग जेलकोटचा रंगीत थर, अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी पहिली मॅट अंथरतात. रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के. ब्रशने ठोकत ठोकत रेझिन मॅटमध्ये मुरवायचं; ब्रश ओढला तर धागे सरकतात. इथे एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. कोरडी मॅट पांढरी शुभ्र असते. रेझिन मुरलं की ती पारदर्शक होत जाते आणि खालच्या थराचा रंग दिसू लागतो, कारण काच आणि पॉलिएस्टर यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखाच आहे. जिथे पांढरा डाग राहतो तिथे हवा अडकलेली असते. कारागीर खाचांचा लोखंडी रोलर त्या डागावर फिरवतो, डाग कडेकडे सरकतो आणि नाहीसा होतो. तपासणीचं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. डोळा आणि रोलर. चांगला कारागीर एका दमात फार थर घालत नाही, कारण रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं आणि जाड थर आतून तडकतो. पावसाळ्यात तो मॅटची गुंडाळी कोरड्या खोलीत ठेवतो, कारण ओली काच रेझिन धरत नाही. यातलं एकही कलम मॅट विकणाऱ्याच्या पत्रकावरच्या ताकदीच्या आकड्यात दिसत नाही, आणि प्रत्येकामुळे तो आकडा बदलतो.

अशा लिंपणीत वजनाने काच सुमारे ३० टक्के, बाकी रेझिन. नवशिका 'मजबुतीसाठी' रेझिन आणखी ओततो. वस्तू जड होते आणि ठिसूळही. विमानाच्या कारखान्यात या सगळ्याचं दुसरं टोक दिसतं. तिथे तंतूंमध्ये रेझिन आधीच मोजून भरलेलं असतं. असं प्रीप्रेग उणे १८ अंशांवर साठवतात, स्वच्छ खोलीत थर रचतात, पिशवीत घालून आतली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये वातावरणाच्या सहा-सातपट दाबाखाली, १२० ते १८० अंशांवर भाजतात. एवढा खटाटोप मुख्यतः त्या पांढऱ्या डागाविरुद्धच आहे. १ टक्का पोकळी राहिली तर थरांमधली पकड सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्याचा वजनाने ४५ टक्के भाग संमिश्रांचा आहे. बोइंग ७८७ मध्ये हे प्रमाण ५० टक्के आहे.

अपयशांच्या दोन कथा पुस्तकात सविस्तर आहेत, इथे त्यांची ओळख करून देतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याची पाती 'हायफिल' नावाच्या कार्बन संमिश्राची केली. वजन घटलं, ताणाच्या चाचण्या उत्तम झाल्या. मग पक्षी धडकण्याची चाचणी झाली आणि पाती टिकली नाहीत. कंपनीला टायटॅनियमकडे परतावं लागलं. या इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाखाली १९७१ च्या फेब्रुवारीत तिचं दिवाळं निघालं. खर्चाची कारणं अनेक होती, सगळं पात्यांवर ढकलणं बरोबर नाही. पण चूक शिकण्यासारखी आहे: तंतूंच्या दिशेने येणाऱ्या भाराचा विचार झाला होता, बाजूने अचानक बसणाऱ्या तडाख्याचा पुरेसा झाला नव्हता. सुमारे पाव शतकाने जनरल इलेक्ट्रिकच्या जीई९० इंजिनात कार्बनचीच पाती यशस्वी झाली. त्यांच्या पुढच्या धारेला टायटॅनियमची पट्टी आहे.

दुसरी कथा जून २०२३ मधली. टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली टायटन ही पाणबुडी खोल समुद्रात चिरडली आणि आतले पाचही जण गेले. तिचं नळकांडं कार्बन संमिश्राचं होतं, सुमारे १२७ मिलिमीटर जाड. नंतरच्या तपासणीत त्यात पोकळ्या, थरांना पडलेल्या वळ्या आणि सुटलेले थर आढळले. कागदावरचा कार्बन आणि त्या नळकांड्यातला कार्बन एकच नव्हते. शिवाय भार होता दाबाचा, म्हणजे या पदार्थाच्या पडत्या बाजूचा, आणि तो प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येत होता.

धातू किंवा सिरॅमिक आधारद्रव्य असलेल्या संमिश्रांना या पुस्तकात एकच प्रकरण मिळालं आहे. ती उच्च तापमानाची दुनिया आहे, जेट इंजिनांची आणि क्षेपणास्त्रांच्या टोकांची. तिथली साधनं आपल्यापैकी थोड्यांच्याच हाती येतील. त्याऐवजी पानं मी एका अप्रिय प्रश्नाला दिली. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी एकदा घट्ट झाले की वितळत नाहीत, त्यामुळे या वस्तू भंगारात विकता येत नाहीत. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांची पाती काचतंतूंची आहेत, आणि यंत्रांचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं धरतात. तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत जाळणं हा आजचा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग. तिथे रेझिन जळण म्हणून जातं आणि काच सिमेंटात मुरते. पात्याचं सगळं मोल त्याच्या तंतूंच्या लांबीत आणि दिशेत होतं, आणि भट्टीत नेमकं तेच जातं. रेझिन पुन्हा सोडवता येईल अशी रसायनं बाजारात येऊ लागली आहेत. त्यांच्याकडून मला थोडी आशा आहे, फार नाही.

पुस्तक डिप्लोमाच्या विद्यार्थ्यासाठी आणि छोट्या शेडच्या मालकासाठी लिहिलं आहे. चौथ्या आणि सातव्या प्रकरणात कलनाचं गणित आहे. ते वगळूनही पुढचं समजेल. शेवटच्या प्रकरणातला हातलिंपणीचा प्रयोग मात्र वगळू नये, आणि तो करण्याआधी एक सूचना वाचावी. कोबाल्टचा एक्सलरेटर आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा, मगच हार्डनर घालावा. खोलीची खिडकी उघडी असावी, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवू नयेत.